गाडी कोणाची? मालकी, हप्ता आणि भाडं यांची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात आमच्या घरातून होणार आहे. कारण गेला महिनाभर आमच्या घरात एकच वाद चालू होता : दुसरी गाडी विकत घ्यायची की लीजवर, म्हणजे महिन्याच्या भाड्याने घ्यायची?

पार्श्वभूमी सांगतो. दिवाळीनंतर आईला अर्धांगवायूचा झटका आला. आता ती बरी आहे, पण आठवड्यातून तीन दिवस फिजिओथेरपीला न्यावं लागतं. घरातली गाडी सकाळी सातला बायकोबरोबर चाकणला जाते. रिक्षात चढणं आईला जमत नाही आणि ॲपवरची टॅक्सी कधी येईल, कधी रद्द होईल याचा भरवसा नाही. बाबा बहात्तर वर्षांचे आहेत, पण गाडी उत्तम चालवतात. म्हणजे दुसरी गाडी लागणार, हे नक्की. किती दिवस लागणार, हे मात्र डॉक्टरही सांगेनात. वर्ष म्हणाले, मग म्हणाले दोनही लागतील.

मी लीजचा विषय काढला. बाबांनी पेपर खाली ठेवला आणि म्हणाले, "भाड्याची गाडी दारात उभी करायची? माझे फंडाचे पैसे आहेत ना. डाउन पेमेंट मी देतो. गाडी आपली पाहिजे."

आधी मला वाटलं, हा जुन्या पिढीचा हट्ट आहे. मग विचार आला, हा हट्ट येतो कुठून? आणि त्या प्रश्नामागे जाता जाता मी थेट सातारा जिल्ह्यातल्या एका शेतात पोचलो.

खंडाची जमीन

माझे आजोबा कूळ होते. जमीन दुसऱ्याची, ते खंडाने कसायचे. पीक येवो न येवो, खंड द्यायचा. मालकाच्या मनात आलं तर पुढच्या साली जमीन दुसऱ्याला. मुंबई राज्यात १९४८ साली कूळकायदा झाला, पुढे त्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जमीन कसणारी कुळं कायद्याने त्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल. पण जमीन फुकट मिळाली नव्हती बरं का. किंमत ठरायची, ती सरकारी न्यायाधिकरणामार्फत भरायची आणि मग कलम ३२-म खाली खरेदीचं सर्टिफिकेट मिळायचं.

आजोबांनी ती किंमत हप्त्याहप्त्याने फेडली. ते सर्टिफिकेट आजही बाबांच्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत आहे. ज्या घरात भाडं म्हणजे 'उद्या इथून ऊठ म्हणतील' ही भीती होती आणि मालकी म्हणजे ती भीती संपणं होतं, त्या घरात 'लीज' हा शब्द गोड कसा लागणार?

आठ वर्षांची स्कूटर

दुसरं कारण बाबांचं स्वतःचं. ते एसटीत नोकरीला लागले आणि १९७६ साली त्यांनी बजाज चेतकसाठी नंबर लावला. चेतक १९७२ साली बाजारात आली होती आणि आकुर्डीला, म्हणजे पुण्याच्या दारातच बनत होती. तरी बाबांना ती मिळाली १९८४ साली. आठ वर्षांनी!

आज फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत किराणा येतो, त्यामुळे हे खोटं वाटेल. पण तेव्हा कारखान्याने किती गाड्या बनवायच्या हे सरकारचं लायसन्स ठरवायचं. मागणी कितीही असो, परवानगीपेक्षा जास्त बनवायच्या नाहीत. चारचाकीचीही तीच तऱ्हा. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर कंपनीची कुर्ल्यात बनणारी फियाट, जिला पुढे 'पद्मिनी' हे नाव मिळालं, आणि बंगालमधली ॲम्बेसेडर. सर्वसाधारण माणसासमोर एवढीच निवड. आणि तिथेही रांग.

आता यातला हिशेब बघा. रांग लांब असली की काय होतं? ज्याच्या हातात आज गाडी आहे, तिची किंमत नव्या गाडीपेक्षा जास्त होते! लोक नवी स्कूटर शोरूममधून बाहेर काढून 'ऑन' घेऊन विकायचे. चार वर्षं वापरलेली स्कूटरही चांगल्या भावाने जायची. म्हणजे त्या काळात गाडी विकत घेणं ही खरोखरच बचत होती, जवळजवळ सोन्यासारखी. 'गाडी आपली पाहिजे' हे बाबांचं वाक्य १९८४ साली भावना म्हणूनही बरोबर होतं आणि गणित म्हणूनही.

मारुती आली तेव्हाही रांग होतीच. १९८३ साली लोकांनी दहा-दहा हजार रुपये आगाऊ भरून नंबर लावले आणि सोडती निघाल्या. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० दिल्लीच्या हरपाल सिंग यांना इंदिरा गांधींच्या हस्ते मिळाली. पुढे १९९१ चे आर्थिक बदल झाले, १९९३ साली मोटारीच्या उत्पादनावरचं लायसन्स गेलं आणि रांगा हळूहळू संपल्या. रांग संपली तसं गाडीचं सोनंही संपलं. आता शोरूममधून बाहेर पडताक्षणी गाडीची किंमत उतरते. गणित उलटलं, पण मनातली मालकी तिथेच राहिली.

पियानो कोणाचा?

इथे मला दुसरा प्रश्न पडला. हप्त्याने घेतलेली गाडी तरी 'आपली' असते का?

हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यावर इंग्लंडमध्ये एक भन्नाट खटला झाला होता. ब्रूस्टर नावाच्या माणसाने हेल्बी नावाच्या व्यापाऱ्याकडून पियानो घेतला. ठरलं असं की महिन्याला साडेदहा शिलिंग भाडं द्यायचं, ३६ महिने पूर्ण झाले की पियानो ब्रूस्टरचा, आणि मधेच नको झाला तर परत करायचा. ब्रूस्टरने काय केलं? साधारण चार महिन्यांनी तो पियानो मॅथ्यूज नावाच्या सावकाराकडे गहाण टाकला! हेल्बी म्हणाला, माझा पियानो द्या. सावकार म्हणाला, मी याच्यावर पैसे दिलेत.

भांडण थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १८९५ साली निकाल लागला : ब्रूस्टरने पियानो विकत घ्यायचं कबूलच केलेलं नव्हतं. त्याला तो परत करायची मुभा होती, म्हणजे तो फक्त भाडेकरू होता, ज्याला पुढे विकत घ्यायची संधी होती. पियानो हेल्बीचा. या निकालाने 'हायर पर्चेस' या पद्धतीचा पाया पक्का केला. वापर तुझा, मालकी माझी, शेवटचा हप्ता फिटेपर्यंत.

त्याआधीच, १८५० च्या दशकात, अमेरिकेत सिंगर कंपनीने शिलाई मशीन हप्त्यावर द्यायला सुरुवात केली होती. मोटारींमध्ये जनरल मोटर्सने १९१९ साली स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली. हेन्री फोर्डला मात्र उधारी पसंत नव्हती. त्याच्या कंपनीने १९२३ साली वेगळी योजना आणली : दर आठवड्याला पैसे भरत राहा, पूर्ण जमले की गाडी घेऊन जा. आधी पैसे, मग वर्षभराने गाडी. बाबांचा चेतकचा नंबर आठवला की नाही? फरक इतकाच, की अमेरिकन माणसाला समोरच्या दुकानात आजच गाडी मिळत होती. ती योजना चालली नाही आणि १९२८ साली फोर्डनेही कर्ज देणारी कंपनी काढली.

आपल्याकडे १९५४ साली मद्रासमध्ये सुंदरम फायनान्स सुरू झाली आणि हप्त्यावर ट्रक देणं हा मोठा धंदा झाला. १९७३ साली त्याच मद्रासमध्ये फर्स्ट लीजिंग ही देशातली पहिली लीजिंग कंपनी निघाली. म्हणजे 'लीज' काही कालपरवा ॲपबरोबर आलेली नाही, पन्नास वर्षं जुनी आहे. फक्त ती कंपन्यांसाठी होती. घरगुती ग्राहकापर्यंत ती 'सबस्क्रिप्शन' हे नाव घेऊन अलीकडे आली.

आरसी बुकावर कोणाचं नाव?

बाबांना हे सगळं सांगितल्यावर ते म्हणाले, "पियानोचं राहू दे. आपल्या गाडीचं बोल."

मग मी आमच्या पहिल्या गाडीचं आरसी काढलं. बायकोचं नाव, आणि खाली बँकेचं. बोलीभाषेत आपण 'एचपी चढवली' म्हणतो. कर्ज फिटलं की बँकेचं एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन ती 'उतरवायची'. ती उतरेपर्यंत बँकेच्या संमतीशिवाय गाडी विकता येत नाही. मग 'आपली' म्हणतो ती गाडी नक्की किती आपली?

उलट बाजूही मजेदार आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात कलम २ मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या आहे. गाडी हायर पर्चेसवर, लीजवर किंवा तारण असेल, तर त्या करारानुसार जिच्या ताब्यात गाडी आहे ती व्यक्ती या कायद्यापुरती मालक. म्हणजे जबाबदारीच्या वेळी कायदा विचारतो, गाडी कोणाच्या ताब्यात होती?

तेव्हा मला कळलं की मालकी ही एक वस्तू नाही, ती एक मोळी आहे. वापरायचा हक्क, विकायचा हक्क, किंमत उतरली तर सोसायचा तोटा आणि बिघडली तर करायचा खर्च. कर्ज, लीज, रोख खरेदी, या सगळ्यात त्याच काड्या वेगवेगळ्या हातांत वाटलेल्या असतात. प्रश्न 'आपली की परकी' हा नाही. कोणती काडी कोणाच्या हातात हवी, हा आहे.

आता आकडे

आमच्यासमोर आलेले आकडे सांगतो. तुमचे वेगळे असतील, पण पद्धत हीच.

ऑटोमॅटिक गाडी, ऑन-रोड ८ लाख. बाबांचे १ लाख ६० हजार डाउन पेमेंट, बाकी ६ लाख ४० हजार कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. हप्ता सुमारे १३,३००. लीजवर तीच गाडी : एका वर्षासाठी महिना २४,०००, तीन वर्षांसाठी महिना २१,०००. त्यात विमा आणि सर्व्हिसिंग आलं.

१३ हजार आणि २४ हजार समोरासमोर ठेवले तर लीज मूर्खपणा वाटतो. पण ही तुलनाच चुकीची आहे. हप्त्यात गाडीची उतरणारी किंमत दिसत नाही.

एक वर्षाने विकली तर? जाणकाराने अंदाज दिला, ५ लाख ९० हजार येतील. तोटा २ लाख १० हजार, व्याज साधारण ५३ हजार, सर्व्हिसिंग आणि डाउन पेमेंटवरचं बुडालेलं व्याज मिळून आणखी १९ हजार. एकूण २ लाख ८२ हजार. लीजचे वर्षाचे २ लाख ८८ हजार. जवळजवळ बरोबरी!

तीन वर्षांनी विकली तर खरेदीचा एकूण खर्च ६ लाखांच्या आत, लीजचा ७ लाख ५६ हजार. म्हणजे लीज महिन्याला साडेचार हजारांनी महाग. आणि आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर विचारच नको, विकत घ्या. कर्ज फिटल्यानंतरची वर्षं हाच खरेदीचा खरा नफा असतो.

जुनी गाडी घ्यायचाही विचार झाला. पण आईला घेऊन जाताना गाडी रस्त्यात बंद पडली तर, या विचाराने बाबांनीच तो सोडला. लीजच्या करारात मी तीन गोष्टी शोधल्या, तुम्हीही शोधा : वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा, मुदतीआधी परत दिली तर दंड किती, आणि परत देताना ओरखड्याचे पैसे कोण ठरवणार.

शेवटी सगळं एका प्रश्नावर आलं : गाडी किती दिवस लागणार? आणि त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. ज्याला मुदत माहीत नाही, त्याच्यासाठी सहज बाहेर पडता येणं याला किंमत आहे. शिवाय बाबांचे १ लाख ६० हजार बँकेत राहिले, तर आईच्या उपचारात ऐनवेळी कोणापुढे हात पसरायला नको.

आम्ही एका वर्षाची लीज घेतली. त्या योजनेत पांढरी नंबरप्लेट होती आणि आरसीवर नाव बाबांचं, खाली कंपनीचं. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि फोटो काढून ठेवला.

गाडी आली त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, "वर्षाने परत द्यावी लागेल, चालेल ना?"

ते म्हणाले, "अरे, परत द्यायची म्हणजे ही रिक्षात चढायला लागली असेल. मी स्वतः नेऊन देईन."

पुढचा भाग आणखी एका जुन्या हिशेबाचा : भिशीचा. तुमच्या घरात पहिली गाडी कधी आणि कशी आली, ते आम्हाला नक्की कळवा. भेटू लवकरच.