शब्दओळख (मानसशास्त्र)

लिहिलेला किंवा ऐकलेला शब्द स्मृतीतील शब्दभांडाराच्या नेमक्या नोंदीशी जुळवण्याच्या मानसिक प्रक्रियेला शब्दओळख असे म्हणतात. सराईत वाचकात ही प्रक्रिया इतकी आपोआप घडते की ती थांबवणेही अवघड जाते. निळ्या शाईत छापलेल्या ‘लाल’ या शब्दाच्या शाईचा रंग सांगताना वाचक अडखळतो, कारण शब्दाचा अर्थ न बोलावता पुढे येतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला हा प्रयोग त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मापन

शब्दओळखीला लागणाऱ्या वेळावरून तिच्या स्वरूपाविषयी अनुमान काढले जाते. ‘शब्दनिर्णय’ चाचणीत पडद्यावरील अक्षरमाला खरा शब्द आहे की नाही, हे कळ दाबून सांगायचे असते. प्रौढ वाचकांना त्यासाठी साधारणतः ५०० ते ७०० मिलिसेकंद लागतात. यात निर्णयाचा व बोट हलवण्याचा वेळही आला. प्रत्यक्ष वाचनात नजर एका ठिकाणी सरासरी २०० ते २५० मिलिसेकंदच स्थिरावते.

वेगावर परिणाम करणारे घटक

सर्वांत ठळक घटक वारंवारितेचा आहे. ‘पाणी’ हा शब्द ‘तितिक्षा’पेक्षा लवकर ओळखला जातो. लहानपणी शिकलेले शब्दही पुढे अधिक वेगाने ओळखले जातात. मात्र असे शब्द बहुधा नित्य वापरातलेही असल्यामुळे हे दोन परिणाम वेगळे काढणे कठीण जाते.

संदर्भाचाही वाटा मोठा आहे. डेव्हिड मेयर व रॉजर श्वानेव्हेल्ट यांना १९७१ मध्ये असे आढळले की ‘परिचारिका’ व ‘डॉक्टर’ यांसारखे अर्थाने निगडित शब्द जोडीने आल्यास त्यांच्याविषयीचा निर्णय असंबद्ध जोडीपेक्षा लवकर होतो. यास पूर्वप्रेरण म्हणतात.

ऐकलेल्या शब्दाच्या बाबतीत ध्वनी एकामागून एक येतात. विल्यम मार्सलेन-विल्सन यांच्या मांडणीनुसार ‘कंग’ ऐकताच कंगवा, कंगण, कंगाल हे सारे उमेदवार जागे होतात आणि पुढचा ‘व’ येताच बाकीचे गळून पडतात. त्यामुळे शब्द संपण्यापूर्वीच तो ओळखला जाऊ शकतो.

अक्षरे आणि शब्द

जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १८८६ च्या सुमारास दाखवले की क्षणभर दाखवलेल्या असंबद्ध अक्षरांपेक्षा शब्दातील अक्षरे अधिक संख्येने टिपली जातात. हा केवळ अंदाजाचा परिणाम असावा, हा आक्षेप जेराल्ड रायकर यांनी १९६९ मध्ये दूर केला. त्यांनी दिलेल्या पर्यायी अक्षरांपैकी कोणतेही घेतले तरी खरा इंग्रजी शब्दच तयार होई (‘वर्ड’ किंवा ‘वर्क’). तरीही अक्षर एकटे दाखवण्यापेक्षा शब्दात दाखवल्यास उत्तरे अधिक अचूक आली. जेम्स मॅक्क्लेलँड व डेव्हिड रूमेलहार्ट यांच्या १९८१ च्या प्रतिमानात याचे स्पष्टीकरण असे आहे की अक्षरे शब्दाला जागे करतात आणि जागा झालेला शब्द उलट आपल्या अक्षरांना बळ देतो.

पहिले व शेवटचे अक्षर जागेवर असले की मधल्या अक्षरांच्या क्रमाने काही फरक पडत नाही, असा केंब्रिज विद्यापीठाच्या नावे २००३ पासून फिरणारा संदेश मात्र दिशाभूल करणारा आहे. असे संशोधन त्या विद्यापीठात झालेले नव्हते. अक्षरांची अदलाबदल झालेला मजकूर वाचता येतो, पण वाचनाचा वेग घटतो, असे कीथ रेनर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले.

देवनागरी लिपी

या विषयावरील बहुतेक प्रयोग इंग्रजीत झाले असल्याने त्यांचे निष्कर्ष मराठीला जसेच्या तसे लावता येत नाहीत. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे लिहिली जाते, पण तिचा उच्चार व्यंजनानंतर होतो. ‘स्थिती’त तर ती संपूर्ण जोडाक्षराच्या आधी येते. ज्योत्स्ना वैद व आशुम गुप्ता यांच्या २००२ च्या अभ्यासात असे हिंदी शब्द वाचण्यास अधिक वेळ लागल्याचे आढळले. मराठीत सामान्यरूपाचा प्रश्नही आहे. ‘रस्त्यावरून’ हा शब्द स्मृतीत अखंड साठवला जातो, की ‘रस्ता’पर्यंत पोहोचण्यासाठी त्याची फोड होते? इंग्रजीतील उपसर्गयुक्त शब्दांबाबत मार्कस टॅफ्ट व केनेथ फॉर्स्टर यांनी १९७५ मध्ये फोड होत असल्याचे मत मांडले. मराठीत मूळ शब्दाचे रूपच बदलत असल्याने हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो.