लोणावळ्यातल्या दुकानात सहाच कामगार? तरीही किमान वेतनाचा कायदा लागू होतो

पावसाळ्यातला शनिवार-रविवार म्हणजे लोणावळ्यात गर्दी. चिक्कीची दुकानं, भजी-मक्याचे स्टॉल, छोटी हॉटेलं सकाळपासून रात्रीपर्यंत सुरू असतात. अशा वेळी एक वाक्य हमखास ऐकू येतं : "आमचं दुकान लहान, आम्हाला कायदा नाही." हे अर्धंच खरं आहे.

हा समज आला कुठून?
महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ मधून. कामाचे तास, जेवणाची सुट्टी, साप्ताहिक सुट्टी यांचे त्यातले नियम आधी १० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू होते. २०२५ च्या दुरुस्तीने ही मर्यादा २० झाली. त्याहून कमी कामगार असतील, तर नोंदणीऐवजी व्यवसायाची फक्त सूचना द्यावी लागते.

२० किंवा जास्त कामगार असतील तर?
- दिवसाला जास्तीत जास्त १० तास, आठवड्याला ४८ तास काम
- ओव्हरटाइम तीन महिन्यांत १४४ तासांपर्यंत
- दुकान सातही दिवस उघडं ठेवता येतं, पण प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी

मग सहा कामगारांच्या दुकानाचं काय?
इथे दुसरा कायदा येतो : वेतन संहिता, २०१९. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे आणि किमान वेतनासाठी तिच्यात कामगारसंख्येची अट नाही. एकच कामगार असला तरी :
- सरकारने ठरवलेल्या किमान वेतनापेक्षा कमी पगार देता येत नाही
- महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचा
- रोजंदारीवर फक्त शनिवार-रविवारी बोलावलेल्या मुलाची मजुरी त्याच दिवशी, काम संपताना द्यायची
- काम सोडलं किंवा काढून टाकलं, तर दोन कामकाजाच्या दिवसांत हिशेब पूर्ण करायचा
- ठरलेल्या तासांपेक्षा जास्त कामाला किमान दुप्पट दर

दुप्पट म्हणजे किती?
समजा, आठ तासांच्या दिवसाची मजुरी ६०० रुपये आहे. म्हणजे तासाला ७५ रुपये. दोन तास जास्त थांबवलं, तर १५० रुपये तासाने ३०० रुपये. त्या दिवसाचे एकूण ९०० रुपये. चहा-वडापाव दिला म्हणून ही रक्कम माफ होत नाही.

पैसे मिळाले नाहीत तर?
कामगाराला तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. मावळातल्या कामगारांसाठी चौकशीचं ठिकाण म्हणजे पुण्यातलं कामगार आयुक्त कार्यालय. किमान वेतनाचा चालू दरही तिथे विचारता येतो. तो व्यवसाय, कौशल्य आणि परिमंडळानुसार बदलतो.

मालकांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. थकबाकीचा दावा झाला, तर पैसे दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. कमी वेतन दिल्याचं ठरलं, तर ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून हजेरी, तास आणि दिलेली रक्कम वहीत लिहा, पगारपत्रक द्या आणि शक्यतो पैसे खात्यावर पाठवा. रोख दिलेल्या पैशांची नोंद नसेल, तर खरं बोलणारा मालकही अडचणीत येतो.