पंचविशीबाहेरची गोष्ट

साल १९८५. रविवारची दुपार कललीय. लातुरात गंजगोलाईजवळच्या माडीवर तुम्ही सतरंजीवर मांडी ठोकून बसला आहात. वय दहा. गच्चीवरून मामा ओरडतो, "आलं का?" "मुंग्याच आहेत!" अँटेना आणखी थोडी फिरते, आणि पांढऱ्या केसांचा वेताळ झालेला नट सज्जन अरुण गोविलच्या पाठंगुळी दिसू लागतो. रामानंद सागरांची 'विक्रम और बेताल', वेताळ पंचविशीतल्या गोष्टींची मालिका. वेताळाची अट तुम्हाला पाठ आहे : उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील.

मालिका संपल्यावर आजीची रझाकारी सुरू होते, हैदराबादच्या निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांच्या जुलमाची गोष्ट. पेवात लपलेल्या बाया, रातोरात सोलापूरच्या हद्दीकडे हाकलेल्या बैलगाड्या, नांदेडकडे अर्जापुरात मारले गेलेले गोविंदराव पानसरे. कासीम रझवीचं नाव ती दातओठ खात घेते. तो रझाकारांचा म्होरक्या, इथलाच वकील. १७ सप्टेंबर १९४८ ला निजाम शरण आला, की तिची गोष्ट संपते.

"मग गं?"

"मग काय? ऊठ, हातपाय धू."

तुम्ही जिना उतरता. खाली १९४८ चा ऑक्टोबर आहे. गोलाईला येऊन मिळणाऱ्या रस्त्यांवर कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची दुकानं सताड उघडी. आत ना माल, ना माणूस. थोड्याच दिवसांत भारत सरकारनं धाडलेली पंडित सुंदरलालांची समिती येईल आणि लिहून ठेवील : या गावात वीस दिवसांहून जास्त कत्तल चालली, हजारावर माणसं मारली गेली, सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी जेमतेम तीन हजार उरले. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड, दोन्ही. (लातूर तेव्हा उस्मानाबादेत.) रझाकारांचे जुलूम खोटे नव्हते, अहवालही ते नाकारत नाही.

रझवीला शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटून तो पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये वारला. त्याच काळात, १९६१ च्या अमेरिकेत, रॉड सर्लिंगच्या 'ट्वायलाइट झोन' या मालिकेत, एक नाझी अधिकारी मजेत डाखाऊची जुनी छावणी बघायला येतो आणि मेलेले कैदी त्याच्यावर खटला भरतात. सर्लिंगचं काम सोपं होतं, सगळी भुतं एकाच बाजूची. रझवीला असंच गोलाईत आणून उभं करा. अर्जापूरची माणसं त्याची वाटच पाहत असतील. पण त्यांच्या मागे एक कच्छी दुकानदारही उभा असेल, आणि त्याची फिर्याद रझवीवर नसेल.

तो अहवाल लोकांना वाचायला मिळायला २०१३ उजाडलं. तुम्ही अडतीस वर्षांचे. त्यात आकडे आहेत, गावं आहेत. खालच्या दुकानाचा मालक कोण होता, हे नाही. ते लातुरातल्या म्हाताऱ्यांनाच विचारावं लागेल, आणि जरा घाईनं.