पांढरीची माती आणि काचेची लोकर

वऱ्हाडातल्या गावाला दोन जमिनी असतात. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. काळी माती कापसाला चांगली, पण घराला वैरीण. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून जुन्या घरांच्या भिंती पांढरीच्या मातीच्या. ही माती म्हणजे पिढ्यान् पिढ्या पडलेल्या घरांचीच माती. जुनं घर पडायचं आणि त्याच्यातूनच नवं उभं राहायचं.

माझं गाव हिवरखेड. तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं, अकोला-खंडवा रेल्वेलाईनवरचं. (मोर्शीकडे दुसरं हिवरखेड आहे. ते संत्र्यांचं. कुरिअरवाले अजून घोळ घालतात.) आमच्या घराचा पुढचा भाग स्लॅबचा, मागची मोठी खोली मातीची, तिच्यावर टिन. ती खोली पाडून तिथे दोन पक्क्या खोल्या बांधायचं घरी चाललंय. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण गावात इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. त्यामुळे उन्हासाठी भिंतीत आणि छतात काय टाकायचं, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. पहिलं नाव सापडलं ते फायबरग्लासचं, म्हणजे ग्लासवूलचं. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "काच भरतं का भितीत?"

काचच, पण लोकरीसारखी. १९३२ साली अमेरिकेत ओहायो राज्यात डेल क्लाइस्ट नावाचा तरुण काचेचे ठोकळे एकमेकांना जोडायचा प्रयोग करत होता. जोरदार हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि तिचे बारीक तंतू उडाले. गेम्स स्लेटर या इंजिनिअरने त्यातून कारखान्यात बनवता येईल अशी पद्धत उभी केली, आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग कंपनी सुरू झाली. काच स्वतः उष्णता फारशी अडवत नाही. अडवते ती तंतूंमध्ये अडकलेली, हलू न शकणारी हवा. गोधडीत ऊब असते ती याच कारणाने.

पण हा शोध कुठे रुजला ते बघा. थंड देशात. बाहेर बर्फ, आत शेगडी किंवा हीटर, दारं-खिडक्या बंद. आत पैसे खर्चून केलेली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही, हा तिथला प्रश्न. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडे भिंती आणि माळे भरून घ्यायला आणखी जोर आला, कारण ऊब महाग झाली. आपल्याकडे ग्लासवूल घरात आलंच नाही. ते एसीच्या डक्टभोवती गुंडाळलं गेलं, थिएटरच्या भिंतीत बसलं, कारखान्यांच्या शेडखाली लागलं. म्हणजे जिथे गारवा विकत घेतलेला होता, तिथे.

वऱ्हाडाचा प्रश्न वेगळा होता आणि त्याचं उत्तर घरापुरतं नव्हतं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, हवा मात्र कोरडी असते. धाब्याच्या घराला दोन फुटी भिंती, वर मेळघाटच्या सागवानाच्या मयाली, त्यावर काटक्या-पाला आणि मग फूटभर माती. दुपारचं ऊन भिंतीत शिरायचं, पण आत पोचेपर्यंत रात्र व्हायची. कवेलूच्या घरात माळा असायचा, त्यावर सामान रचलेलं असायचं. छत आणि माणूस यांच्यामध्ये तेवढाच आडोसा. आणि रात्री, भिंती जेव्हा साठवलेली उष्णता सोडायला लागायच्या, तेव्हा घरात कोणी नसायचंच. सगळे अंगणात बाजेवर. दिवसा घर, रात्री आभाळ, अशी दोन पाळ्यांची ती व्यवस्था होती. जाड भिंतीचं कौतुक करणारे लेख बाजेला विसरतात, म्हणून हे सांगतोय.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. जाड भिंत सगळ्यांना नव्हती. वाडा, गढी, पाटलाचं घर यांना होती. गावाच्या कडेला तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप आणि वर गवत. त्या घरात दुपारी काय होत असेल, याचं उत्तर कुठल्या वास्तुकलेच्या पुस्तकात सापडत नाही.

मग टिन आलं. नालीदार पत्र्याचं पेटंट लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर या इंजिनिअरने १८२९ मध्ये घेतलं. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती, मँचेस्टरला कापूस कमी पडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करत नागपूरला पोचली. रेल्वेबरोबर जिनिंग-प्रेस आल्या, त्यांच्यावर पत्र्याचे शेड आले. पत्र्याला दरवर्षी माती टाकावी लागत नाही, कवेलू शेकारावे लागत नाहीत, माकडं येऊन फोडत नाहीत. तिकडे मेळघाटचं जंगल इंग्रजांनी राखीव केलं, १९७४ मध्ये तिथे व्याघ्र प्रकल्प झाला. सागवानाची मयाल सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली. टिन आवडलं म्हणून नाही, परवडलं म्हणून घरावर आलं. दुपारी तीन वाजता त्याच्याखाली बसून बघा, मग पामरसाहेबांबद्दल बोलू.

स्लॅबला उशीर झाला, कारण सिमेंट मिळत नव्हतं. आज दुकानात गोण्यांची थप्पी असते, म्हणून खरं वाटणार नाही. पण सिमेंटच्या वाटपावरून मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांना जानेवारी १९८२ मध्ये राजीनामा द्यावा लागला होता. सिमेंट एवढं दुर्मिळ होतं. त्याच वर्षी सरकारने नियंत्रण थोडं सैल केलं, १९८९ मध्ये पूर्ण उठवलं. त्यानंतर गावोगावी स्लॅब पडायला लागले. १९८५ च्या इंदिरा आवास योजनेपासून आजच्या घरकुलापर्यंत सरकारी कागदावरही मातीची भिंत म्हणजे 'कच्चं' घर. पाऊस, आग, साप यांच्या हिशोबाने ते बरोबरच आहे. उन्हाचा रकाना मात्र त्या फॉर्ममध्ये नाही.

मी थोडं गणित करून बघितलं. दोन फूट मातीच्या भिंतीतून दुपारच्या उन्हाची लाट आत यायला साधारण पंधरा-वीस तास लागतात, आणि तोवर ती जवळपास विरते. पाच इंची स्लॅबमधून तीच लाट तीन-चार तासांत खाली उतरते, म्हणजे नेमकी संध्याकाळी, जेवून आडवं व्हायच्या आधी. आणि आता आपण आत झोपतो. डास आहेत, चोरीची भीती आहे, अंगणच उरलेलं नाही. बाज गेली आणि स्लॅब आला, हे एकाच वेळी झालं.

उष्णता अडवण्यात दोन इंच ग्लासवूल दोन फूट मातीला भारी पडतं. वजन नगण्य, आगीला घाबरत नाही. अंगाला खाज आणतं, म्हणून बसवताना हातमोजे आणि मास्क लागतात. कर्करोगाच्या भीतीबद्दल सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००१ मध्ये तपासून इन्सुलेशनचं ग्लासवूल संशयितांच्या यादीतून काढलं. ॲस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा ही वेगळी गोष्ट. तो घातक आहे आणि तरी मिळतो.

पण भिंतीत ग्लासवूल भरायचं का? आमच्याकडे कूलर चालतो. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत ओढतो, म्हणून ती निघून जायला खिडकी उघडी ठेवावी लागते. खिडकी उघडी असलेल्या घराची भिंत भरून घ्यायची म्हणजे छिद्राच्या गुंडाला जाड झाकण. एसी लावणार असाल तर हिशोब बदलतो. छताचं मात्र तसं नाही. तापलेलं छत वरून थेट अंगावर आग ओकतं, खिडकी उघडी असो की बंद. म्हणून मी घरी सांगितलं: भिंती सोडा, छत धरा. टिन ठेवलं तर त्याच्याखाली चकाकत्या फॉइलचं ग्लासवूल आणि खाली सीलिंग. स्लॅब टाकला तर ग्लासवूल वर चालत नाही, भिजलं की त्यातली हवा जाते आणि ते निकामी होतं. तिथे वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी, नाहीतर दर उन्हाळ्यात चुना.

मातीची खोली ठेवू, तिच्यावरचं टिन बदलून खाली ग्लासवूल लावू, असं माझं मत पडलं. भिंत आधीच दोन फुटी आहे. तशी आता कोणी बांधूनही देणार नाही. बाबा तयार झाले. आईने मला फोनवर एकच विचारलं, "अन् पोतारायले कोन येईन? तू येशीन का पुन्यावून?"

तिचं बरोबर आहे. लग्न होऊन आल्यापासून त्या भिंती दर दिवाळीला तिनेच पोतारल्या, जमीन दर आठवड्याला तिनेच सारवली. मातीच्या घराचा गारवा फुकट असतो असं आम्ही म्हणत आलो, कारण ती मजुरी कधी कुठे लिहिली गेली नाही. आता मी आतून चुन्याचा गिलावा आणि खाली फरशी यांचा खर्च काढतोय. सिमेंटचा गिलावा मातीवर धरत नाही, सुटून येतो. चुन्याचं काम येणारा मिस्त्री अकोटकडे आहे म्हणतात. आईने जूनपर्यंतची मुदत दिली आहे. तोवर नाही जमलं, तर खोली पडणार.