पातूरची पाटी आणि अक्षरांचे साचे

पातूर नगरपरिषदेच्या इमारतीवरील पाटीचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, हे आपण जाणतोच. मराठीसोबत उर्दूत नाव लिहिण्यास एका माजी नगरसेविकेने हरकत घेतली होती. १९५६ पासून उर्दूचा वापर चालत आला आहे, असे सांगून परिषदेने फेब्रुवारी २०२० मध्ये ती हरकत फेटाळली. पुढे जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त, उच्च न्यायालय अशी वाटचाल झाली. अखेर १५ एप्रिल २०२५ रोजी न्या. सुधांशू धुलिया आणि न्या. के. विनोद चंद्रन यांनी निकाल दिला की मराठीबरोबर उर्दू लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही. भाषा म्हणजे धर्म नव्हे, हेही त्यांनी स्वच्छ सांगितले.

निकालावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला सांगायचा आहे तो पाटीवर अक्षर कसे येते याचा इतिहास. कारण अक्षर लिहिण्याचा हक्क न्यायालय देऊ शकते, ते शुद्ध उतरवणे कारागिराच्याच हाती असते.

अकोल्याच्याच नरनाळा किल्ल्यावर महाकाली दरवाजा आहे, १४८७ चा. त्यावरील लेखाची अक्षरे उठावाची आहेत. संगतराशाने अक्षर राखले आणि भोवतालचा दगड काढून टाकला. काय झाकायचे आणि काय उघडे ठेवायचे, हाच पुढे सगळ्या साच्यांचा कायदा झाला.

कागद किंवा पत्रा कापून केलेल्या साच्याला एक जुने दुखणे आहे. ‘पातूर’ हाच शब्द घ्या. मराठीत ‘प’चे पोट शिरोरेषेखाली बंद होते, साचा कापला की तो तुकडा निखळून पडतो. उर्दूत ‘वाव’च्या डोळ्याचे तेच. म्हणून पत्र्याच्या साच्यात अक्षरे मधूनमधून तुटकी ठेवावी लागतात, मालट्रकवर किंवा पोत्यांवर आपण पाहतो तशी. नस्तालीकसारख्या वाहत्या लिपीला हे तुटणे सोसत नाही. जपानी कारागिरांनी कापडावर छापण्याच्या कागदी साच्यांत असे सुटे तुकडे रेशमाच्या बारीक धाग्यांनी धरून ठेवले. मँचेस्टरच्या सॅम्युअल सायमनने १९०७ मध्ये चौकटीवर ताणलेल्या रेशमी जाळीतून छपाई करण्याचे पेटंट घेतले. आपल्याकडे लग्नपत्रिका आणि पिशव्या छापणारे स्क्रीन प्रिंटिंग त्याच घराण्यातले. जाळीच सगळ्याला आधार देते, त्यामुळे वावचा डोळा जागेवर राहतो.

काचेची गोष्ट वेगळी. फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमनने १८७० मध्ये वाळूच्या झोताने काच खरवडण्याची युक्ती काढली. दुसरा मार्ग हायड्रोफ्लोरिक आम्लाचा; ते काच खाते आणि हाडापर्यंत उतरते, म्हणून त्याच्याशी खेळ नको. दोन्ही मार्गांत झाकण हवेच, आणि ते काचेला घट्ट चिकटणारे हवे.

विनाइलने ही गरज भागवली. १९८० नंतर संगणकाच्या हुकमाने चालणारी कापणी यंत्रे अमेरिकेत बाजारात आली आणि कालांतराने आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचली. सुरी वरचा पातळ पत्राच कापते, खालचा कागद शाबूत राहतो. मग नको तो भाग टोकदार चिमट्याने उचलायचा, उरलेल्यावर चिकटपट्टी लावून सारे एकदम काचेवर किंवा जाळीवर न्यायचे. सुटे तुकडे स्वतःच चिकटतात, जोडणीची गरज नाही. मोजक्या प्रतींसाठी जाळीवर हा साचा पुरतो; हजारोंनी छापायचे तर प्रकाशाने कडक होणारा लेपच बरा.

यंत्र मात्र अडाणी असते. मराठी शब्दातील प्रत्येक अक्षर सुटी रेघ म्हणून आले, तर सुरी शिरोरेषेवर प्रत्येक सांध्याशी चीर पाडते. आधी सगळी अक्षरे एकजीव करावी लागतात. उर्दूचे तर विचारूच नका. मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीकमध्ये हजारो जोडरूपे १९८१ मध्ये संगणकासाठी तयार झाली, नव्वदच्या दशकात इनपेज आले, आणि कातिबांची रोजी गेली. लिथोच्या दगडासाठी उलटे लिहू शकणारे हात त्याआधीच संपत आले होते. काचेच्या आतल्या बाजूने नक्षी करायची तर अक्षर आजही उलटेच कापावे लागते. आता त्यासाठी एक बटण पुरते.

तरीही चिमटा माणसाच्याच हातात राहिला. उर्दूत ‘पातूर’ लिहिताना ‘पे’खाली तीन आणि ‘ते’वर दोन, असे पाच नुक्ते येतात. अक्षरावर नक्षी असेल तर हे पाचही ठिपके नीट उपसावे लागतात. भोवतालची काच दुधी करायची असेल तर तेच पाच ठिपके चिकटून राहायला हवेत, आणि पट्टी ओढताना सर्वांत आधी निघून येतात तेही तेच. ‘पे’खालचे दोन गेले की वाचणारा ‘बातूर’ वाचतो. उर्दू न वाचता येणाऱ्या कारागिराला तो ठिपका काचेवरचा कण वाटू शकतो. त्याचा दोष नाही. नमुना देणाऱ्याने नुक्त्यांची संख्या कागदावर लिहून द्यावी, आणि दुकानातून पाटी उचलण्याआधी उर्दू जाणणाऱ्या एखाद्या मास्तरांना दाखवावी.