अ‍ॅमस्टरडॅमची कार्डं आणि आपला मोबाइल

मोबाइलवर नवं अ‍ॅप घेतलं की आपण नाव, नंबर, जन्मतारीख, पत्ता, फोटो असं सगळं देऊन टाकतो. दुकानदार असेल तर गिऱ्हाइकांची उधारी, मालाचे भाव, बँकेचे व्यवहारही आता दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवर असतात. कुणी शंका काढलीच तर उत्तर ठरलेलं असतं, ‘आमच्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?’ हेच उत्तर एकेकाळी नेदरलँड्समधले लोक देऊ शकत होते, आणि ते खोटंही नव्हतं.

नेदरलँड्स हा नोंदी ठेवणारा देश. 1850पासून तिथल्या नगरपालिका रहिवाशांची नोंदवही ठेवत आल्या. जन्म, लग्न, घरबदल, कामधंदा, धर्म, सगळं त्यात असे. धर्माच्या रकान्याचं कुणाला वावडं नव्हतं. शाळा, कामगार संघटना, वर्तमानपत्रं, पुढे रेडिओसुद्धा कॅथलिकांचे वेगळे, प्रोटेस्टंटांचे वेगळे, समाजवाद्यांचे वेगळे, अशी त्या समाजाची घडण होती. ज्यूंना 1796 सालीच समान नागरिकत्व मिळालं होतं. आपण ज्यू आहोत हे सरकारी कारकुनाला सांगण्यात ना लाज होती, ना धोका.

1936 साली सरकारने नोंदवहीऐवजी कार्डाची पद्धत आणली. एका माणसाचं एक कार्ड. त्याने गाव बदललं की कार्डही त्याच्यामागे नव्या गावच्या कचेरीत जाई. या खात्याचा प्रमुख होता याकोब लेन्त्स. नोंद अचूक असावी याचा त्याला अक्षरशः ध्यास होता. प्रत्येकाला फोटो आणि बोटाचा ठसा असलेलं ओळखपत्र द्यावं, असा आराखडाही त्याने तयार केला. मार्च 1940मध्ये डच सरकारने तो फेटाळला. कारण असं की, प्रामाणिक नागरिकाकडे संशयिताप्रमाणे पाहणं आपल्या परंपरेत बसत नाही. दोनच महिन्यांनी जर्मन फौजा देशात शिरल्या. लेन्त्सने तोच आराखडा नव्या मालकांपुढे ठेवला आणि 1941पासून ओळखपत्रं वाटली गेली. ती इतकी पक्की होती की बनावट ओळखपत्र तयार करणाऱ्या भूमिगतांचे हाल झाले. ज्यूंच्या ओळखपत्रावर ‘जे’ हे अक्षर छापलं जाई.

जानेवारी 1941मध्ये ज्यूंनी स्वतंत्र नोंद करावी असा हुकूम निघाला. आजी-आजोबांपैकी एक जरी ज्यू असेल, तरी अर्ज भरायचा आणि वर एक गिल्डर फी द्यायची. सुमारे 1,60,000 लोकांनी अर्ज भरले. आज आपल्याला प्रश्न पडतो, लोक गेले तरी कशाला? पण धर्म तर कार्डावर आधीच होता. नाही गेलं तर पकडले जाणार, गेलं तर निदान कायदा पाळल्याचं समाधान. त्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅम नगरपालिकेच्या सांख्यिकी कार्यालयाने शहराचा एक नकाशा काढून दिला. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू.

धंद्याचं काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. ऑक्टोबर 1940मध्ये ज्यूंच्या दुकानांची, कारखान्यांची माहिती मागवली गेली. मालक कोण, भागीदार कोण, भांडवल किती. ऑगस्ट 1941मध्ये पुढचा हुकूम आला. ज्यूंनी आपली रोकड, ठेवी, शेअर एकाच बँकेत जमा करावेत. ती बँक होती लिपमन, रोझेन्थाल अँड कंपनी. 1859 साली ज्यूंनीच स्थापन केलेली ही नावाजलेली पेढी. जर्मनांनी तिचं नाव वापरून सार्फाती रस्त्यावर एक नवी ‘शाखा’ उघडली. तिचा जुन्या पेढीच्या कारभाराशी संबंध नव्हता. काम एकच, ज्यूंची मालमत्ता गोळा करणं. तरी तिथे खाती होती, पावत्या होत्या, हिशेबाचे उतारे होते. ओळखीचं नाव दारावर पाहून माणसाचा हात सैल सुटतो, हे त्या अधिकाऱ्यांना चांगलं ठाऊक होतं. मे 1942मध्ये दुसरा हुकूम निघाला आणि दागिनेही तिकडेच गेले. कुटुंबाकडे जेमतेम 250 गिल्डर ठेवण्याची मुभा उरली.

आपल्या मराठीतला ‘अनामत’ हा शब्द अरबी ‘अमानत’वरून आला. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. सार्फाती रस्त्यावर जे चाललं त्याला खयानत म्हणतात.

नेदरलँड्समधल्या सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी 1,02,000च्या आसपास मारले गेले, म्हणजे चारांतले तीन. शेजारच्या बेल्जियममध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या जवळपास, फ्रान्समध्ये पंचवीस. हे सगळं पाप एकट्या कार्डांच्या माथी मारता येत नाही. देश सपाट, लपायला डोंगर-जंगल नाही, सत्ता थेट नाझींच्या हाती, अशी बरीच कारणं इतिहासकार देतात. पण घरोघर जाऊन माणूस शोधण्याची मेहनत कार्डांनी वाचवली, हे नाकारता येत नाही.

त्या काळातल्या काहींना हे पुरतं उमगलं होतं. 27 मार्च 1943च्या रात्री चित्रकार-लेखक विलेम आरोन्डेयस, शिल्पकार गेरिट फान डर फेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या वेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कचेरीत शिरले. पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन गुंगीत टाकलं, शेजारच्या प्राणीसंग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवलं, कार्डं जमिनीवर पसरली आणि स्फोटकं लावली. अग्निशमन दलातही सहानुभूती असलेले लोक होते. ते रमतगमत आले आणि मग गरजेपेक्षा जास्त पाणी मारत बसले, म्हणजे उरलेली कार्डं भिजून निकामी व्हावीत. एवढं करूनही जळाली ती सुमारे पंधरा टक्केच. त्या जुलैत बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या.

शिवाय ओळखपत्रांच्या नोंदीची दुसरी प्रत द हेगमध्ये क्लेकॅम्प नावाच्या इमारतीत होतीच. ती नष्ट करायला एप्रिल 1944मध्ये ब्रिटिश विमानांना बाँब टाकावे लागले. त्यात साठच्या आसपास माणसं मेली, बहुतेक तिथे काम करणारे डच कर्मचारी. तोवर ज्यूंना घेऊन जाणाऱ्या बहुतेक गाड्या निघून गेल्या होत्या. लेन्त्सला युद्धानंतर तीन वर्षांची शिक्षा झाली.

आज हीच माहिती गोळा करायला हुकूम लागत नाही. नोव्हेंबर 2020मध्ये एका अमेरिकन वृत्तसंकेतस्थळाने ‘मुस्लिम प्रो’ या अ‍ॅपची बातमी दिली. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं हे अ‍ॅप जगभरात कोट्यवधी मोबाइलवर होतं. दिशा दाखवायची तर माणूस कुठे उभा आहे हे कळायला हवंच, त्यामुळे लोकेशन द्यायला कुणाची हरकत नव्हती. ते लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होतं आणि तिच्या ग्राहकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. बातमी आल्यावर अ‍ॅपने संबंध तोडले. अशा दलालाने प्रार्थनास्थळं, दवाखाने यांसारख्या जागांचं लोकेशन विकू नये, असा अमेरिकी व्यापार आयोगाचा आदेश यायला जानेवारी 2024 उजाडलं.

म्हणून ‘कंपनी चांगली आहे का?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. 1936चं डच सरकारही चांगलंच होतं. हा रकाना हवाच कशाला, आणि उद्या मालक बदलला तर तो पुसता येईल का, हे आधी विचारायला हवं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023मध्ये, वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. कंपनीकडून माहिती पुसून घेण्याचा हक्क त्यात आहे. आणि त्याच कायद्याच्या कलम 17नुसार देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या कुठल्याही यंत्रणेला त्यातून सूट देऊ शकतं.