आधी दहावे, मग पहिले

भाऊबीज पार पडली, फराळाचे डबे निम्मे झाले, की आमच्या घरात दरवर्षी एकच प्रश्न निघतो : ‘उरलेल्या सुट्टीत जायचे कुठे?’ मी पडलो इतिहास शिकवणारा मास्तर. तेव्हा उत्तर देण्याचे काम आपसूकच माझ्याकडे येते.

तीन वर्षांपूर्वी मी उत्तर दिले, ‘अजिंठा.’ आमच्या शाळेतून निवृत्त झालेले ड्रॉइंगमास्तरही बरोबर निघाले. तीस वर्षे ह्या गृहस्थाने मुलांना पहिल्या लेण्यातला पद्मपाणी फळ्यावर खडूने काढून दाखवला होता. पण प्रत्यक्ष अजिंठ्याला जाण्याचा योग काही आला नव्हता. आता डोळ्यांत काचबिंदू उतरला होता. ‘नजर आहे तोवर एकदा न्या मला, मास्तर,’ असे ते म्हणाले, आणि नाही म्हणण्याचा प्रश्नच उरला नाही.

त्या सहलीची काय फजिती झाली ती सांगतो. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, तेही रविवारी, आम्ही भर दुपारी फर्दापूरच्या तिठ्यावर पोहोचलो. तेथे आपली गाडी सोडावी लागते आणि पुढचे चारेक किलोमीटर बसने जावे लागते. बसला रांग, तिकिटाला रांग, आणि पहिल्या लेण्याच्या पायरीवर तर जत्राच. आत शिरलो तो माणसांच्या पाठी पाहतच. मागचे ढकलत होते, पुढचे हलत नव्हते. पाच-सात मिनिटांत आम्ही बाहेर आलो. ड्रॉइंगमास्तर पायरीवर टेकले आणि हसून म्हणाले, ‘मास्तर, देवळात जाऊन आलो, पण दर्शन काही झालं नाही.’

दोष कुणाला देणार? बेत माझाच होता. घरी आल्यावर मी पुस्तके काढून बसलो, तेव्हा ध्यानात आले की, गर्दीचा हा प्रश्न मुळी नवा नाही. ज्यांनी ही लेणी वसवली त्यांनी तो आपल्या आधी दोन हजार वर्षे सोडवून ठेवला आहे.

बौद्धांच्या विनयग्रंथात राजगृहाच्या बिंबिसार राजाची हकीकत आहे. बुद्धाला राहावयास जागा कोणती द्यावी, ह्याचा राजा विचार करतो. ती गावापासून फार लांब नको, फार जवळही नको. येण्याजाण्यास सोयीची हवी. दिवसा वर्दळ नसावी, रात्री गलबला नसावा. ह्या कसोटीला उतरले म्हणून त्याने आपले वेळुवन दिले. आता अजिंठा पाहा. प्रतिष्ठानहून, म्हणजे आपल्या पैठणहून, उज्जयिनीकडे जाणारा व्यापारी मार्ग ह्याच डोंगररांगेतून जात असे. भिक्षेला गावे होती, दान देणारे व्यापारी होते. पण मार्ग सोडून थोडे आत वळले की वाघोरा नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतलेली एकांत दरी. पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूंनी प्रवास थांबवून एका जागी राहावयाचे असा नियम होता, आणि त्या वर्षावासाला ही दरी अगदी जोगती. म्हणजे स्थळ, काळ आणि वाट ह्या तिन्हींचा विचार झाला होता. आम्ही मात्र तिन्ही बाबतींत नापास!

दुसरी गोष्ट क्रमांकांची. आपण सारे पहिल्या लेण्यापासून सुरुवात करतो, कारण त्याच्यावर एकचा आकडा आहे. हा आकडा वयाचा नव्हे, जागेचा आहे. दरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजत गेलेला. सर्वांत जुन्यांपैकी आहे ते दहावे लेणे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या-पहिल्या शतकातले. नववेही त्याच प्राचीन काळातले. पुढे कित्येक शतके येथे फारसे काम झाले नाही. मग पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण ह्याच्या काळी छिन्न्यांचा आवाज पुन्हा घुमू लागला. त्याचा मंत्री वराहदेव ह्याने सोळावे लेणे दान दिले, तसा लेखच तेथे आहे. आपण ज्याला पहिले म्हणतो ते ह्या अखेरच्या बहरातले. तेव्हा पहिल्यापासून निघणारा प्रवासी इतिहासाचे पुस्तक शेवटच्या प्रकरणापासून उघडतो. आज सर्व लेण्यांना जोडणारी जी सलग वाट आहे, तीही अलीकडची. त्या काळी लेण्यांतून खाली नदीकडे उतरणारे खडकातले जिने होते.

नव्या युगातला पहिला पाहुणाही दहाव्यातच शिरला. मद्रास घोडदळातला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीच्या नादात इकडे आला आणि 28 एप्रिल 1819 ही तारीख आपल्या नावासह एका खांबावर कोरून गेला. तेव्हा लेणे मातीदगडांनी भरलेले होते. त्या ढिगावर उभे राहून कोरल्यामुळे ते नाव आज डोक्याच्या वर दिसते. खांबावर रंगवलेल्या आकृतीवरच त्याने आपले नाव खरवडले. आपल्या लोकांनी पुढे ठिकठिकाणी तोच कित्ता गिरवला!

गर्दीने आपली गैरसोय होते, हे खरे. पण चित्रांची होते ती त्याहून मोठी. ही चित्रे मातीच्या गिलाव्यावर काढलेली आहेत. भुसा, तंतू मिसळलेल्या मातीचा थर, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर रंग. अशा भिंतीला ओल सोसत नाही, आणि माणसांचा श्वास म्हणजे ओलच. हे वैभव नकलांत जपू म्हणावे, तर तेही दैवाला मान्य नव्हते. रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक नकला 1866 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी ह्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कित्येक 1885 साली लंडनलाच जळाल्या. शेवटी भिंत हीच खरी प्रत, आणि तिचे आयुष्य आपल्याही हाती आहे.

हे सारे वाचून मी नवा बेत आखला. दिवाळी टाळली, मार्गशीर्ष धरला. सोमवारी अजिंठा बंद आणि मंगळवारी वेरूळ बंद, हे आधी वहीत टिपले. रविवारही वगळला. रात्रीच्या गाडीने जळगाव गाठले, कारण लेणी तेथून साठेक किलोमीटर, तर छत्रपती संभाजीनगरहून सुमारे शंभर. मंगळवारी फर्दापूरला मुक्काम केला आणि बुधवारी सकाळी पहिल्याच बसने निघालो. वेरूळ त्याच दिवशी उरकण्याचा मोह टाळला. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना डोली मिळते. ड्रॉइंगमास्तरांनी थोडे आढेवेढे घेतले आणि बसले.

बरोबरची मंडळी पहिल्या लेण्याकडे वळली. आम्ही सरळ दहाव्यात गेलो. आत आम्ही तिघे-चौघेच. उंच कमानीखाली तो साधा स्तूप, आणि इतकी शांतता की खाली वाघोरेचे पाणी ऐकू यावे. मग नववे, सोळावे, सतरावे, एकोणिसावे, आणि सव्विसाव्यातला सुमारे सात मीटर लांबीचा निजलेला बुद्ध. ह्या क्रमाने साध्या स्तूपापासून बुद्धाच्या मूर्तीपर्यंतचा प्रवास आपोआप उलगडत गेला. दुपार कलल्यावर परत पहिल्याशी आलो, तो रांग ओसरलेली.

आतल्या मंद उजेडात डोळे सरावेपर्यंत ड्रॉइंगमास्तर उभेच राहिले. आज मागून कुणी ढकलत नव्हते. बऱ्याच वेळाने त्यांनी हवेतच हात उचलला आणि नीलकमळ धरलेल्या त्या बोटांची वळणे आपल्या बोटांनी घेऊन पाहिली.

बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘मास्तर, तीस वर्षं मी ती बोटं चुकीची काढत होतो. त्यानं कमळ पकडलेलं नाही हो, नुसतं सांभाळलंय.’

गेल्या महिन्यात त्यांनी शाळेत येऊन सातवीच्या फळ्यावर पद्मपाणी पुन्हा एकदा काढला. रेषा थोडी थरथरते आता. बोटे मात्र बरोबर आली आहेत.